22 किलो गांजा आणि जजसाहेबांचे बांधलेले हात

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार. माझ्या बहिणीचा मुलगा 20 वर्षांचा आहे, ट्रकवर क्लीनर होता. चादरीचा माल घेऊन हैदराबादला गेलते, येताना ड्रायव्हरने वाटेत दोन गोण्या गाडीत टाकून घेतल्या. पोलिसांनी गाडी धरली तर त्यात गांजा, 22 किलो. ड्रायव्हर पळाला, आमचा पोरगा सापडला. आता कमीत कमी 10 वर्षं लागतील म्हणतात. बहीण विड्या वळून घर चालवते, दिवसरात्र रडालीय. पहिलीच चूक आहे, वय बघून जजसाहेब दोन-तीन वर्षांवर सोडणार नाहीत का?
– एक मावशी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: मावशी, तुम्हाला खोटा धीर देणार नाही. गुन्हा शाबित झाला तर जजसाहेबांच्या मनात कितीही आलं तरी 10 वर्षांच्या खाली एक दिवससुद्धा उतरता येत नाही. एनडीपीएस म्हंजे अमली पदार्थांच्या कायद्यात सगळं वजनावर आहे. गांजा 1 किलोपर्यंत असला तर जास्तीत जास्त 1 वर्ष, त्याच्या वर 20 किलोपर्यंत असला तर 10 वर्षांपर्यंत, म्हंजे तिथं कोर्ट सहा महिनेही देऊ शकतं, आणि 20 च्या वर काटा गेला की कमीत कमी 10, जास्तीत जास्त 20 वर्षं आणि निदान 1 लाख दंड. गाडीचा मालक असो नाहीतर क्लीनर, हिशोब तोच.

म्हणून तुमच्या वकिलांना आधी वजनाचं विचारा. गोणीसकट वजन केलं का? कायद्यात गांजा म्हंजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे, नुसती पानं आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्या गांजात धरत नाहीत. दोन किलोचा फरक आहे मावशी, त्यावर पोराची अख्खी जवानी आहे. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, पंचनाम्यातलं वजन आणि लॅबला गेलेला माल जुळतो का, हेही बघायला सांगा. "मला माहीतच नव्हतं" एवढं म्हणून भागणार नाही, कारण माल ताब्यात होता असं सरकारने दाखवलं की त्याला माहीत होतं असं कायदा धरून चालतो आणि नव्हतं हे आपल्याला पक्कं सिद्ध करावं लागतं. गोण्या कुणी चढवल्या, पोरगा तेव्हा कुठे होता, ढाब्यावर कुणी बघितलं, असले साक्षीदार आत्ताच शोधा.

जामीन कलम 37 मुळे अवघड आहे, मोठ्या मालाच्या केसमधे ते जामिनाला कडक अटी घालतं, पण केस वर्षानुवर्षं रेंगाळली तर मिळू शकतो. 2023 ला सुप्रीम कोर्टाने गांजाच्याच केसमधे 7 वर्षांहून जास्त आत असलेल्या माणसाला सोडलंय. आणि हायकोर्टात जायची वेळ आली तर मुंबईला खेटे नकोत, 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरचं काम हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही किमान शिक्षेचे कायदे बदला असं लिहिलं. मी शिक्षक आहे, गांजा पोरांच्या दप्तरापर्यंत आलाय. अशात शिक्षा सैल करायच्या?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: सर, तुमचा संताप मला पटतो, माझीही मुलं शाळेत जातात. ज्याचा माल आहे त्याला 20 वर्षं द्या, माझी काही हरकत नाही. पण गाडीत तो कधीच नसतो हो, सापडतो तो क्लीनर. 1985 ला हा कायदा आला तेव्हा गांजाला जास्तीत जास्त 5 वर्षं होती, वजनाच्या पायऱ्या आणि हे 10 वर्षांचं किमान 2001 च्या दुरुस्तीने आलं. त्याच दुरुस्तीत कलम 32ब घातलं, किमानपेक्षा जास्त शिक्षा देताना काय काय बघायचं त्याची यादी आहे त्यात, शस्त्र होतं का, लहान मुलांना वापरलं का वगैरे. चांगलंच आहे. पण किमानच्या खाली यायला काय बघायचं, त्याची एक ओळ नाही.

अमेरिकेने हे आपल्याआधी भोगलंय. 1986 च्या कायद्याने तिथं 5 ग्रॅम क्रॅकला, म्हंजे कोकेनच्याच खड्यांना, किमान 5 वर्षं आणि तेवढ्याच शिक्षेला कोकेनची पावडर मात्र 500 ग्रॅम लागायची, त्यात काळी माणसं तुरुंगात भरली गेली. 2010 ला तो शंभरपटीचा फरक 18 पटीवर आणला, आणि 2018 ला जुन्या कैद्यांनाही त्याचा फायदा मिळाला. त्याआधीच, 1994 पासून, ज्याने हिंसा केली नाही, जो टोळीचा म्होरक्या नाही, फारसा जुना गुन्हा नाही आणि जो माहीत आहे ते सगळं खरं सांगतो, त्याला किमानच्या खाली शिक्षा द्यायची मुभा तिथल्या जजला आहे.

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. 1983 ला सुप्रीम कोर्टाने जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, हे भारतीय दंडविधानाचं 303 कलम रद्द केलं, कारण जजला माणूस बघायला जागाच ठेवली नव्हती. आर्म्स ॲक्टच्या, म्हंजे शस्त्रांच्या कायद्याच्या, काही कलमांत आजही आहे की खास कारणं लेखी नोंदवून कोर्ट किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. कारणं लेखी असली की सरकारला अपिलात ती तपासून घेता येतात, त्यामुळे कुणी मोकाट सुटत नाही. हेच वाक्य एनडीपीएसच्या कलम 20 ला, म्हंजे गांजाची शिक्षा सांगणाऱ्या कलमाला, जोडा, आणि म्होरक्याचं नाव सांगणाऱ्या क्लीनरला त्याचा फायदा द्या. मग तुमच्या शाळेबाहेर पुडी पोचवणाऱ्यापासून वरपर्यंत पोलिसांना जाता येईल, आज तो क्लीनर नाव सांगो न सांगो, गुन्हा शाबित झाला की 10 वर्षं ठरलेलीच आहेत.