खानापूरहून रोज बेळगावला इलेक्ट्रिक गाडीने ये-जा केली तर वीजबिल किती वाढेल?

तुम्ही लिहिलंय की टियागो ईव्ही घ्यायची आहे, मोठ्या म्हणजे 24 युनिटच्या बॅटरीची. खानापूर ते उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत) रोजची ये-जा, घरचा वापर 85 युनिटच्या आसपास आणि बिल सध्या गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत, शून्य. शोरूमवाल्याने किलोमीटरला रुपया सांगितलाय. हीच गाडी मी बेळगावात वापरतो. रुपयाचा हिशेब खोटा नाही, पण तुमच्या घराला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

आधी तो रुपया येतो कुठून ते बघा. कागदावर गाडीला एका चार्जला तीनशेच्या आसपास किलोमीटर लिहिलेले असले तरी आपल्या रस्त्यांवर 180 धरून चाला. बॅटरी रिकामी ते फुल्ल करायला मीटरवर 24 नाही, 27 च्या आसपास युनिट पडतात. वरचे चार्जिंग करताना उष्णतेत जातात. कर्नाटकात 2024 च्या एप्रिलपासून घरगुती विजेला टप्पे नाहीत, सरसकट एकच दर. 2025-26 साठी तो 5 रुपये 80 पैसे, त्यावर 9 टक्के वीजकर आणि वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचे 36 पैसे. म्हणजे युनिटला 6 रुपये 70 पैसे धरा. 27 युनिटचे 180 रुपये, 180 किलोमीटर. झाला रुपया. (महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्यांचा हिशेब यात मिसळू नका. महावितरणला टप्पे आहेत, वापर वाढेल तसा दर चढतो.)

आता तुमचं घर. रोजचे 50 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1250 किलोमीटर. त्याला साधारण 190 युनिट लागतील. त्यात घरचे 85 मिळवले की 275. इथेच खरी गोम आहे. गृहज्योतीत 2022-23 मधल्या तुमच्या सरासरीवर 10 टक्के वाढवून फुकट युनिट ठरलेत. त्याच्या वर पण 200 च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. 200 ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल तुमचं. म्हणजे गाडीचे 1270 रुपये, शिवाय आजवर फुकट असलेल्या 85 युनिटचे 570 आणि स्थिर आकार. 2025-26 साठी तो मंजूर लोडच्या (घराला एका वेळी जेवढी वीज ओढायची परवानगी आहे तिच्या) दर किलोवॅटला 145 रुपये. लोड 4 किलोवॅट करून घेतलात तर 580. बेरीज 2400 च्या घरात. किलोमीटरला रुपया नव्हे, जवळजवळ दोन.

तरीही पेट्रोलशी तुलनाच नको. तेवढ्याच रनिंगला लिटरला 18 चं ॲव्हरेज देणारी गाडी 70 लिटर पिते, आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे.

उपाय दोन आहेत. हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, सेक्शन ऑफिसात जाऊन गाडीसाठी वेगळ्या मीटरचं विचारा. केईआरसीने (विजेचे दर ठरवणारा राज्याचा आयोग) चार्जिंगला वेगळा दरवर्ग ठेवलाय. तसं कनेक्शन मिळालं तर घरचं शून्य बिल शाबूत राहील. नाहीतर उद्यमबागेत मालक तयार असेल तर आठवड्यातून दोनदा तिथे गाडी चार्जिंगला लावा. तेवढ्यानेसुद्धा घरचा आकडा 200 च्या आत राहू शकतो. बिल कन्नडात असतं, तेव्हा गृहज्योतीची वजावट कोणत्या ओळीत दिसते ते मीटर रीडरकडून एकदा समजून घ्या.

लोडकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅट मंजूर असतं आणि ही गाडी 15 अँपिअरच्या प्लगवर तासन् तास तीन किलोवॅट ओढते. गीझर अर्ध्या तासात बंद होतो, ही रात्रभर चालते. स्वयंपाकघरातल्या प्लगला एक्स्टेंशन जोडून चालवणारे लोक मी पाहिलेत, पिन काळी पडलेली असते. मीटरपासून वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. आपल्याकडची तांबडी माती वैशाखात कोरडी ठाक होते, मग अर्थिंग मिळत नाही आणि चार्जरवर लाल दिवा लागतो. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, बहुधा तेवढ्यावर काम होतं.

पावसाळ्यात तुमच्याकडे झाड पडून करंट गेला की कधी येईल सांगता येत नाही. रोज तीस टक्क्यांच्या आत बॅटरी खर्च होईल, पण जून ते सप्टेंबर एक दिवस आड न करता रोज लावत चला.

कोल्हापूरचं विचारलंय म्हणून सांगतो. बेळगावहून जाऊन-येऊन 220 किलोमीटर होतात, एका चार्जवर जमणार नाही. शिवाय बेळगाव उंचावर, त्यामुळे येताना जास्त खाते. तिकडे फास्ट चार्जरवर 10 ते 80 टक्क्यांना तासभर लागतो आणि जीएसटी धरून युनिटला 15 ते 25 रुपये मोजावे लागतात. घरून फुल्ल करून निघा, तिथे परत येण्यापुरतंच भरा.