विचारा ताईंना : पोरगं पायात घुटमळतंय? मग परात द्या!

यावेळची बहुतेक पत्रं तीन ते पाच वर्षांच्या पोरांच्या घरातनं आलीत, आणि पाऊस लागल्यामुळं सगळ्यांचा सूर एकच, पोरं घरात कोंडलीत, ह्यांना शिकवायचं काय आणि गुंतवायचं कशात. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणी रागावू नका.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, जॉब करते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. रील्स बघून एक महागडा लाकडी अ‍ॅक्टिव्हिटी सेट मागवला, पोरानं थोडा वेळ बघितला आणि सोफ्याखाली टाकला. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की पायात येऊन डबे ओढत बसतो. बाकीच्या आया रोज नवीन काहीतरी करून घेतात, मला तेवढा वेळ नाही आणि अंगात त्राणही उरत नाही. मी कमी पडतेय का?

अगं, कमी बिमी काही पडत नाहीस. आणि तुझ्या पोरानं काय पाहिजे ते सांगितलंच आहे की, डबे पाहिजेत त्याला! ह्या वयात पोरांना खोटं काम दोन मिनिटात कळतं, आई जे खरंखुरं करतीय तेच त्यांना करायचं असतं, आणि आपण नेमकं तेव्हाच "जा बाहेर खेळ" म्हणून हाकलतो.

एक परात घे. परातीत दोन वाट्या ठेव, एकीत मटकी, दुसरी रिकामी, आणि एक छोटा चमचा. चमच्यानं इकडची मटकी तिकडं. बस्स. सांडली तर परातीतच सांडते, म्हणून परात. पहिल्यांदा तू स्वतः करून दाखव, एकदम सावकाश आणि न बोलता, कारण आपण बोलायला लागलो की पोरगं हाताकडं न बघता आपल्या तोंडाकडं बघतं. आठवडाभर हेच चालू दे, रोज नवीन काढायची काही गरज नाही, उलट तेच तेच करण्यातच त्यांचा हात बसतो. मग चमच्याच्या जागी चिमटा दे, मग छोट्या गडव्यातनं तांदूळ ओतायला, आणि ते जमलं की पाणी. पाणी सगळ्यात शेवटी, आणि सोबत एक फडकं, सांडलं की त्यानंच पुसायचं. पुसणं हा पण त्या खेळाचाच भाग आहे, शिक्षा म्हणून करून घेऊ नकोस.

आणि तीच मटकी टाकून देऊ नकोस गं. रात्री मूठभर भिजत घालायला त्यालाच सांग, सकाळी फुगलेली दाखव, फडक्यात बांधायला दे आणि मोड कधी येतात ते रोज सोडून बघू दे. पावसाळ्याच्या गारठ्यात मोड यायला जरा जास्त वेळ लागतो, तो का लागतो ह्यावर गप्पा मारा. दोन वाट्या करून एक उबेला ओट्याच्या कोपऱ्यात आणि एक फ्रिजमध्ये ठेवली तर फरक त्याला डोळ्यानं दिसेल. ह्याला प्रयोग म्हणतात हे त्याला नंतर कधीतरी शाळेत कळेल. शेवटी मिसळ करून खाऊन टाका, त्याला बिनकटाची!

बाकी लसूण सोलणं, मटार सोलणं, कोथिंबीर निवडणं, बोथट सुरीनं केळं कापणं, जत्रेत मिळतं ते छोटं पोळपाट-लाटणं. तुझी पोळी होईपर्यंत त्याचा नकाशा होतो.

महाग सेटचं म्हणशील तर इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान पोरांसाठी पहिली शाळा काढली, त्यांचं शिकवायचं सामान सुंदरच होतं, पण आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली तेव्हा ते विकत घेणं गावातल्या लोकांना परवडणारं नव्हतं. मग त्यांनी शंख-शिंपले, दगडगोटे, पानं, बिया असलं आसपास मिळणारंच वापरलं आणि पुढं कोसबाडला आदिवासी पोरांमध्ये हेच काम वाढवलं. त्यामुळं रील्समधल्या बायकांचं दडपण घेऊ नकोस, त्यातल्या निम्म्या अ‍ॅक्टिव्हिटी पोरासाठी कमी आणि कॅमेऱ्यासाठी जास्त असतात असं माझं स्पष्ट मत आहे. तो सेट आता कपाटात ठेव, दोन महिन्यांनी काढ, तेव्हा कदाचित खेळेल.

प्रश्न : नमस्कार ताई. कसबा बावड्यातून एक आजोबा लिहीत आहे. नात चार वर्षांची. शाळेतून रोज एबीसीडी आणि १ ते ५० लिहून आणायचा होमवर्क असतो. ती दोन ओळी लिहिते आणि हात दुखतो म्हणून रडते. सूनबाई म्हणते सवय लागली पाहिजे. आमच्या काळी असलं काही नव्हतं. कोणाचं बरोबर?

आजोबा, नमस्कार. नातीचं बरोबर.

हात दुखतो म्हणजे खरंच दुखतो हो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि चार वर्षांच्या पोरीचा एक्स-रे काढला तर त्यातली सगळी दिसतच नाहीत, कारण काही अजून मऊ कूर्चाच असतात, पक्की व्हायला पुढची काही वर्षं जातात. बोटांची ताकद पण अजून बनतीय. अशा हातानं तुम्ही पन्नास आकडे गिरवून घेतले तर ती पेन्सिल मुठीत आवळणार, सगळं अंग ताठ करणार आणि लिहिण्याचाच तिटकारा बसणार.

आधी हात तयार करायचा. आणि त्यासाठी तुमच्या घरात सगळं आहे. दारात रांगोळी काढता ना? चिमटीत रांगोळी धरून बारीक रेघ सोडायची, ह्यात जी दोन बोटं आणि अंगठा लागतो तीच पकड पुढं पेन्सिलीला लागते. तिला रोज सकाळी उंबऱ्यापाशी हातभर जागा देऊन टाका, वेडीवाकडी येऊ दे. कणीक मळायला द्या. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटे लावायचं काम तिचं. आणि माती! बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीची कामं चालू असतात, तिथनं थोडी शाडू मिळाली तर बघा, नाहीतर अंगणातली चाळलेली माती चालते. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आपण मातीचे बैल आणतो, यंदा एक जोडी विकतची आणि एक तिच्या हातची पुजा. शिंगं तुटतील, पुन्हा लावेल, त्या शिंगं लावण्यातच बोटांचा सगळा व्यायाम आला.

अक्षरं शिकवायचीच असतील तर ताटात रवा किंवा कोरडी रांगोळी पसरून त्यात बोटानं काढू द्या, चुकलं की ताट हलवायचं, पुसलं. खोडरबर नाही, लाल शाई नाही, रडणं नाही.

शाळेचं म्हणाल तर सूनबाईंना घेऊन एकदा बाईंशी शांतपणे बोला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातनं, कृतीतनं शिकायचा असंच म्हटलंय. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या एनसीईआरटीनं २०२३ मध्ये ह्याच वयासाठी 'जादुई पिटारा' नावाचा संच काढला, त्यात पण खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं असलंच आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. बाई ऐकतीलच असं नाही, पालकच "लिहून घ्या" म्हणून मागं लागतात ही पण त्यांची अडचण असते. नाहीच ऐकलं तर दोन ओळी लिहून झाल्या की वही बंद करा आणि खाली आजोबांनी सही करून टाका.

प्रश्न : गंगावेशीतून. माझी मुलगी शंभरपर्यंत घडाघडा म्हणते पण "पाच कांदे आण" म्हटलं की हाताला येतील तेवढे आणते. लक्ष देत नाही का?

लक्ष देते, पण तिचं ते शंभरपर्यंतचं म्हणणं हे अजून गाणं आहे, मोजणं नाही. एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे दोन वेगळे शोध आहेत आणि ते पोराला स्वतःच्या हातानंच लागतात. रात्री जेवायला पानं घ्यायचं काम तिला दे. घरात माणसं किती, तेवढी ताटं, प्रत्येक ताटाला एक वाटी. पप्पा उशिरा येणार असतील तर एक ताट कमी, पाहुणे आले तर दोन जास्त, बेरीज-वजाबाकी आपोआप सुरू. भाजी आणायला लक्ष्मीपुरीत जाशील तेव्हा लिंबं तिला मोजून पिशवीत टाकू दे, एकेक उचलून. आणि शंभर सोड, आधी पाचापर्यंत पक्कं होऊ दे.

प्रश्न : शिवाजी पेठेतून. धो धो पाऊस, पोरं दिवसभर घरात मारामाऱ्या करतात. पावसातलं काहीतरी सांगा.

सरळ बाजूंची काचेची बरणी किंवा पारदर्शक डबा घ्या, बाहेरनं पट्टी चिकटवा आणि गच्चीवर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी एकाच वेळेला पोरांनी पाणी बघायचं, कॅलेंडरवर तेवढी उभी रेघ मारायची आणि बरणी रिकामी करायची. झालं तुमचं पर्जन्यमापक. आपल्याकडं पावसाळ्यात मोठी माणसं पण दुसरं काय बोलतात, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटावर, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले! पोरांच्या कानावर हे सगळं पडतंच, मग त्यांना करून बघू द्या. टबमध्ये पाणी, मध्ये मातीचा किंवा कणकेचा बंधारा, त्याला भोकं, कुठलं आधी फुटतं ते बघायचं. बरणीवर एक पिवळी आणि एक लाल रेघ पण मारा, इशारा आणि धोका. पोरं रेघेसाठी भांडतील पण ते भांडण बघण्यासारखं असतं.

ओले कपडे घरातच वाळत असतील तर मोज्यांच्या जोड्या लावायचं काम आहेच. तेवढ्यात तुमचा चहा होतो.

प्रश्न : इचलकरंजीतून. धाकटा दोन वर्षांचा, सगळं तोंडात घालतो. मोठीला कडधान्यं खेळायला द्यायची भीती वाटते.

भीती बरोबर आहे, आणि हे उत्तर बाकीच्यांनी पण वाचा. तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हाताला कडधान्य, चिंचोके, मणी, बटणं काही लागता कामा नये, आणि मोठीला पण आपण समोर बसलेलो असतानाच, मग मोजून परत डब्यात. राजमा खेळायला नकोच, कच्चा पोटात गेला तर उलट्या होतात. अख्खे शेंगदाणे लहानांच्या घशात अडकतात. धाकट्याला त्याच वेळी वाट्या, झाकणं, बटाटे, मोठी लिंबं द्या, त्याला तेवढंच पाहिजे असतं.

नाकात दाणा गेला तर घरात पिन, चिमटा घालून काढू नका, पाणी तर अजिबात घालू नका कारण दाणा फुगतो, सरळ डॉक्टरकडं. खेळण्यातली आणि रिमोटमधली ती बटणासारखी चपटी बॅटरी गिळली असा नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या नादाला न लागता थेट हॉस्पिटल, दोन तासात आतनं भाजायला सुरुवात होऊ शकते. आणि पाण्याचा खेळ चालू असताना फोन घ्यायला सुद्धा आत जायचं नाही. थोड्याशा पाण्यात पण लहान पोर बुडतं. खेळ संपला की बादली, टब लगेच पालथे.

प्रश्न : कागलमधून. मोबाईलवरच्या शैक्षणिक गेम चालतील का?

दोन ते पाच वर्षांच्या पोरांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन्ही सांगतात, आणि त्या तासात टीव्ही पण आला. गेममध्ये लिंबाला ना वास, ना वजन. पाहुण्यांकडं अडकलात तर द्या थोडा वेळ, पण त्याला अभ्यास म्हणू नका.

प्रश्न : नाव-गाव देत नाही. मुलाला भांडी विसळायला, लसूण सोलायला देते तर सासूबाई म्हणतात पोराला बायकी कामं का लावतीस. काय उत्तर देऊ?

त्यांना विचार, कोल्हापुरात जत्रेला, लग्नाला मटणाच्या डेगी कोण चढवतं, तांबडा-पांढरा रस्सा कोण करतं? बाप्येच की! आणि नुसतं उत्तर देऊन भागणार नाही, लसणाची वाटी सासूबाईंच्या हातातच दे आणि नातवाला त्यांच्या शेजारी बसव. आज्जीला कुणीतरी ऐकणारं लागतं आणि नातवाला कुणीतरी शिकवणारं. फक्त सोललेला लसूण मोजायला लाव, नाहीतर दोघं गप्पात अर्धा तिथंच विसरतील.