कुळागरातला तोतया

प्रश्न : सुपारी कुजून गळते त्या कोळेरोगाची बुरशी ‘खरी बुरशी नव्हे’ असं तुम्ही मागे लिहिलंत. आम्हाला तर ती बुरशीच दिसते! (बागायतदार, सावईवेरे)

दिसते खरी. जुलैत कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीखाली गळालेली हिरवी सुपारी उचला : देठाजवळ पाणचट डाग, वर कापसासारखी लव. पण ही फायटोफ्थोरा. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, हिच्यात सेल्युलोज. हिचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पाण्यात पोहतात, म्हणून तर पावसात हिचं फावतं. गोत्र म्हणाल तर हणजूणच्या खडकांवरच्या तपकिरी शेवाळाचं.

असाच एक तोतया ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आहे, मार्सुपियल मोल, म्हणजे पिशवीवाला मोल. लांबी वीतभरही नाही, वजन 40 ते 70 ग्रॅम. डोळे कातडीखाली गेलेले, कानाला पाळी नाही, पुढच्या पायांना फावड्यासारखी दोन मोठी नखं. जमिनीत बिळं खणणारा युरोपातला मोलच वाटावा! पण हा कांगारूच्या गोतातला. मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते, नाहीतर खणताना पिल्लावर वाळूच पडायची. दोघांनी एकच धंदा धरला आणि अंगं सारखी झाली. फायटोफ्थोराचे धागे बुरशीसारखे झाले तेही असेच. फरक एवढाच की मार्सुपियल मोल पुढे सरकताना मागचं बीळ बुजवत जातो. आपली ही बया कुजवत जाते.

प्रश्न : नावात काय आहे? औषध मारलं की झालं. (वाचक, नेत्रावळी)

फरक खिशाला पडतो. कार्बेंडाझिम हे बुरशीनाशक कित्येक बुरशींवर चालतं, हिच्यावर नाही. पैसे पाण्यात. बोर्डो मिश्रण मात्र चालतं : 50 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद, दुसऱ्या 50 लिटरमध्ये 1 किलो चुना, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात. भांडं प्लास्टिकचं घ्या. चकचकीत सुरी क्षणभर बुडवा. तांबूस लेप चढला तर चुना वाढवा. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी 40-45 दिवसांनी, उघडीप बघून. पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा गडी, आयत्या वेळी मिळत नाही, आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : कुळागरात रात्री कोणीतरी बिळं पाडतं. मुलगा म्हणतो बँडिकूट, म्हणजे पिशवीवाला प्राणी. खरं का? (गृहिणी, सत्तरी)

मुलाने नाव बरोबर शोधलं, प्राणी चुकला. आपल्या रानात पिशवीवाला प्राणी नाही, ही घूस. तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून, म्हणजे डुक्कर-उंदरावरून, इंग्रजीत बँडिकूट झालं आणि पुढे तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांना चिकटलं. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो का, सकाळी पाहा.