मध्ययुगीन कलेचा इतिहास शिकायला बाहेर यायचंय? कर्ज काढण्याआधी हे वाच

तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगं करतेय. तुझा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात एमए संपत आलंय, युरोपातल्या मध्ययुगीन चर्चची शिल्पं नाहीतर रंगीत काचा यावर पुढे पीएचडी करायचीय, लंडनमध्ये एक वर्षाच्या एमएला अ‍ॅडमिशन होईल असं वाटतंय, तर चाळीस लाखांचं कर्ज काढू का, कॉन्फरन्स कुठल्या असतात आणि शेवटी नोकरी लागते का. मी बरीच वर्षं यॉर्कला आहे, याच विषयात शिकले आणि पोटही यावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. कर्ज काढून यंदा येऊ नकोस. विषय अजिबात सोडू नकोस, पण एक वर्ष तिथेच थांबून भाषा आणि ओळखी कर आणि मग जिथे कोणीतरी पैसे देईल तिथे जा. कारण असं आहे की इथलं एक वर्षाचं एमए प्रत्यक्षात नऊ ते बारा महिन्यांचं असतं, लंडनच्या कोर्टॉल्ड या फक्त कलेचा इतिहास शिकवणाऱ्या संस्थेचं तर नऊच महिन्यांचं. तू सप्टेंबरात उतरणार, घर शोधणार, बँक खातं उघडणार, आणि पीएचडीच्या फंडिंगचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे तुझा पहिला निबंध तपासून यायच्या आत तुला प्रपोजल लिहायचं असतं आणि तुला जेमतेम ओळखणाऱ्या माणसाकडून रेफरन्स लेटर मागायचं असतं. ते होत नाही मग मुलं कोर्स संपल्यावर पुन्हा एक वर्ष अर्ज करत बसतात आणि इकडे कर्जाचं व्याज चालू.

व्हिसाचंही गणित बघ. एमएनंतर ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या व्हिसावर, दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ते दीड वर्षच मिळणार आहे, पीएचडीवाल्यांना मात्र तीन वर्षं. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा हवा तर जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड आहे. नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना आणि पीएचडीवाल्यांना थोडी सूट आहे, तरी म्युझियममधल्या सुरुवातीच्या बहुतेक नोकऱ्यांचा पगार त्याच्याही खालीच असतो. हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो आगाऊ भरायचा. आणि लग्न वगैरे ठरत असेल तर हेही सांगते, २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (टॉट) एमएवर नवऱ्याला सोबत आणता येत नाही.

आता थांबलेल्या वर्षात काय करायचं, कारण खरं महत्त्वाचं तेच आहे.

भाषा. लॅटिन, जर्मन, फ्रेंच. या विषयात तुझं डोकं किती चालतं याच्या आधी तुला काय वाचता येतं ते बघतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, अलियान्स फ्रान्सेज आहे, याचा पुरेपूर फायदा घे, इथे त्याच क्लासला किती पैसे पडतात ते बघितलंस तर लगेच नाव नोंदवशील. लॅटिनसाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा नवशिक्यांसाठीचा ऑनलाइन धडा फुकट आहे, तोही थेट मध्ययुगीन दस्तऐवजांच्या लॅटिनचा, आणि जुनी अक्षरं वाचायला शिकवणारे धडेही तिथेच आहेत. संस्कृत झालं असेल तर विभक्तीची भीती तुला वाटणार नाही, बाकीच्यांना तिथेच घाम फुटतो.

दुसरं म्हणजे लीड्स. दर जुलैत लीड्स विद्यापीठात इंटरनॅशनल मिडीव्हल काँग्रेस भरते, १९९४ पासून चालू आहे, साधारण इसवी सन ३०० ते १५०० हा काळ, आणि जगभरातून दोन हजारांच्या वर माणसं येतात. एकट्या पेपरचा प्रस्ताव ३१ ऑगस्टपर्यंत आणि आख्खं सेशन असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी. बर्सरी, म्हणजे खर्चाला आर्थिक मदत, असते, ती मागायला लाजू नकोस, ती तुझ्यासारख्यांसाठीच आहे. आणि पेपर फक्त युरोपवरच हवा असं नाही. अंबरनाथचं मंदिर शिलालेखाप्रमाणे १०६० चं आहे आणि डरहॅमचं कॅथेड्रल १०९३ ला सुरू झालं, म्हणजे दोन्हीकडचे पाथरवट जवळपास एकाच काळात दगड फोडत होते, तर त्या कामाची व्यवस्था कशी होती यावर तू जे बोलू शकशील ते इथे वाढलेली मुलं बोलू शकत नाहीत. दख्खनची शिल्पं बघून तयार झालेली नजर लपवू नकोस, अर्जातही तीच पुढे ठेव. लीड्सला पेपर वाचण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चहाच्या रांगेत आणि पुस्तकांच्या स्टॉलवर भेटणारी माणसं, पुढे ज्यांना ईमेल करायचाय त्यांनी तुला आधी बघितलेलं असतं.

अमेरिकेत असंच मोठं संमेलन मे महिन्यात कॅलमझूला भरतं, पण तुला तिकीट काढून आधी तिकडे जा असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन बघ. १८४३ ची संस्था, दर वर्षी एका वेगळ्या गावात परिषद घेते, विद्यार्थ्यांना त्यासाठी स्कॉलरशिप देते, आणि तिथे खोलीत बसून स्लाइड बघण्यावर भागत नाही, सगळे उठून त्या कॅथेड्रलमध्ये जातात आणि कुठला दगड कधीचा यावर उभ्याउभ्या भांडतात. मला या विषयाचं खरं शिक्षण अशा भांडणांतूनच मिळालं. त्यांची आणि कोर्टॉल्डची बरीच व्याख्यानं ऑनलाइन ऐकता येतात, लंडनला हिवाळ्यात संध्याकाळी पाच म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे साडेदहा, तेवढं जागरण कर आणि प्रश्न विचार. न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ मिडीव्हल आर्टची विद्यार्थी मेंबरशिपही घे, त्यांची प्रवासाची अनुदानं आणि पेपरसाठीची आवाहनं मेलवर येत राहतात.

अभ्यासाला चित्रं कुठून आणू असंही विचारलंस. प्रिन्स्टनचं इंडेक्स ऑफ मिडीव्हल आर्ट १९१७ पासूनचं आहे आणि जुलै २०२३ पासून सगळ्यांना फुकट आहे. कोर्टॉल्डच्या कॉनवे लायब्ररीचे फोटो ऑनलाइन आहेत, स्वित्झर्लंडची हस्तलिखितं ई-कोडिसेस नावाच्या साइटवर. पुण्यात बसून प्रपोजलपुरतं काम यावर आरामात होतं.

मग जायचं कुठे? रँकिंग बाजूला ठेव, वस्तू कुठे आहे आणि त्यावर काम करणारा माणूस कुठे आहे ते बघ. काचेवरच काम करायचं नक्की असेल तर यॉर्क, त्यात मला शंका नाही. इथल्या मिन्स्टरची, म्हणजे यॉर्कच्या कॅथेड्रलची, पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्न्टनने १४०५ ते १४०८ मध्ये केली, तीनशेहून जास्त पॅनेल, आणि अलीकडे ती सगळी उतरवून दहा वर्षं त्यांचं संवर्धन चाललं, २०१८ मध्ये संपलं. पंचवीस मीटर उंचीवरची काच टेबलावर आली की रंगवणाऱ्या हाताचे फटकारे दिसतात, ते फोटोत कधीच कळत नाहीत. स्टेन्ड ग्लासच्या संवर्धनाचं एमए यॉर्क विद्यापीठातच आहे, आणि हाताने काम करायची तयारी असेल तर नुसत्या इतिहासापेक्षा तिथून काम मिळायची शक्यता मला जास्त वाटते.

शिल्पांकडे कल असेल तर जर्मनीचा विचार मनापासून कर. बाडेन-व्युर्टेनबर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, पण बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. मात्र कलेचा इतिहास तिथे बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच शिकवतात. अमेरिकेत चांगल्या ठिकाणी थेट पीएचडीला घेतात, फी माफ आणि वर स्टायपेंड, एमए तिथे वाटेतच होतं, म्हणून माझ्या मते कर्जाच्या एमएपेक्षा त्या अर्जांवर वर्ष घालवणं कधीही चांगलं. व्हिएन्नाला सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी आहे, मध्ययुगावर इंग्रजीतून शिकवते, शिष्यवृत्त्याही देते.

भारतीयांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांत इनलॅक्स, कॉमनवेल्थ आणि चेव्हनिंग बघ, चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची लोन स्कॉलरशिप बँकेच्या कर्जापेक्षा खूप सुसह्य आहे. अनुसूचित जातीतली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहेच, पण तिला विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची अट असते आणि कोर्टॉल्डसारखी एकाच विषयाची संस्था त्या सर्वसाधारण यादीत नसते, त्यामुळे अर्ज भरायच्या आधी तेवढं तपास.

नोकरीचं खरं उत्तर हे, की विद्यापीठातल्या कायमच्या जागा फार थोड्या निघतात, आणि मी ज्यांना ओळखते ते बहुतेक लिलावगृहं, म्युझियमचे कॅटलॉग, फोटो आर्काइव्ह, चर्चच्या डागडुजीचे प्रोजेक्ट अशा ठिकाणी आहेत, दोन-तीन वर्षांच्या करारावर. काम सुंदर आहे, मी दुसरं काही करणार नाही, पण डोक्यावर चाळीस लाख असताना ते करता येत नाही.

दगड की काच एवढं आधी ठरव आणि लिही, मग कोणत्या विभागात त्यावर सध्या काम चालू आहे ते सांगते. लीड्ससाठी पेपरच्या प्रस्तावाचा मसुदा केलास तर तोही पाठव, मी वाचून देईन.