वाचकांचे प्रश्न : चकवा, वेताळाची पालखी आणि मागून येणारी पावलं

सह्याद्रीतल्या भुताखेतांविषयी आलेल्या पत्रांतली काही निवडून इथे घेतली आहेत. 'हे खरं असतं का?' असा प्रश्न बहुतेकांनी शेवटी जोडला आहे. त्यापेक्षा 'अशा वेळी करायचं काय?' हा प्रश्न आम्हाला जास्त कामाचा वाटतो, म्हणून उत्तरांचा भर तिकडे आहे.

प्रश्न : घाटमाथ्यावरच्या एका पठारावर 'चकवा लागतो', असं पायथ्याच्या गावात सांगतात. रात्री माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो. यात कितपत तथ्य आहे? उपाय काय? (वाचक, संगमनेर)

फिरत राहतो, यात पूर्ण तथ्य आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सॉउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर जंगलातली माणसं गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडून गेली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र मावळेपर्यंत सरळ गेला आणि मग वळत वळत आल्या दिशेला लागला. डोळे बांधलेल्यांचे फेरे तर कधी कधी २० मीटर व्यासाच्या वर्तुळात मावले. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, ही समजूत यात टिकली नाही. एकच माणूस कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे. 'सरळ' कुठे आहे याचा अंदाज पावलागणिक थोडा चुकतो आणि त्या चुका साठत जातात.

आता सह्याद्रीचं पठार डोळ्यांसमोर आणा. धारेवर किंवा सोंडेवर चकवा लागल्याचं फारसं ऐकू येत नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंचा उतारच वाट दाखवतो. चकवा असतो तो सपाटीवर, आणि तिथे ढोरवाटांचं जाळं असतं. गुरं चरत जातात तशा या वाटा फुटतात, पुन्हा मिळतात आणि कुठेच पोचत नाहीत. त्यात पुरुषभर उंचीची कारवी, सगळीकडे सारखीच. भाद्रपद-आश्विनात गवत कमरेला लागतं आणि खरी वाटही त्याखाली जाते. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो, झाडीत त्याहून लवकर. त्यामुळे 'अमक्या माळावर चकवा आहे' असं गावकरी सांगतात, तेव्हा वाट नेमकी कुठे हरवते हेच ते सांगत असतात. हसण्यावारी न नेता नकाशावर तिथे खूण करा.

उपायही गावाकडेच आहे. जुनी माणसं सांगतात : बस, तंबाखू मळ, सदरा उलटा करून घाल, पहाट होऊ दे. सदरा उलटा केल्याने चकवा पळत नसेल, पण त्यात पाच मिनिटं जातात आणि धावणारा माणूस थांबतो. ते थांबणंच औषध आहे. थांबल्यावर पुढचं असं करावं.

आपण नक्की कुठे होतो हे शेवटचं केव्हा ठाऊक होतं, ते आठवा. ती जागा दहा मिनिटांच्या आत असेल आणि आलेली वाट दिसत असेल, तरच मागे फिरा. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं. मात्र त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घेतलेला हवा. दरीत किंवा कड्याला चिकटून उभं राहिल्यास कातळावरून परतणाऱ्या लहरींमुळे जागा चुकीची दिसते. थोडं मोकळ्यात या आणि ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा. धुक्यात डोक्यावरच्या विजेरीने समोर पांढरी भिंत उभी राहते. ती काढून कमरेजवळ हातात धरा, म्हणजे पायाखालची जमीन दिसते. मदतीसाठी शिट्टी मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. गिर्यारोहकांची ही जगभरची खूण आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओढ्याने खाली उतरू नका. 'पाणी गावाला नेतं' हे देशावर खरं असेल. कोकणाकडे वाहणारा ओढा कड्यावरून उडी घेतो. वाट चुकलेला माणूस वरच्या दोन-तीन टप्प्यांवरून घसरत उतरतो आणि तिसऱ्याच्या खाली दरी असते. आता वर चढता येत नाही, खाली जाता येत नाही. अशा जागी अडकलेल्या माणसाला काढायला दोर आणि माहीतगार माणसं लागतात. पठारावर रात्रभर बसलेला माणूस सकाळी थंडीने कुडकुडलेला, पण चालत घरी येतो.

याच कुळातली एक चांदणी आहे, चकवाचांदणी. शुक्र समजून भलत्याच ठळक ताऱ्याला पाहून माणूस 'पहाट झाली' म्हणत निघतो आणि घाट उतरता उतरता मध्यरात्रच असते. आता सगळ्यांकडे घड्याळ आहे, पण शब्द अजून जिवंत आहे.

प्रश्न : रात्री कड्याखालच्या वाटेने जाताना मागून कुणीतरी चालत येतं. आपण थांबलो की ते एक पाऊल जास्त टाकून थांबतं. वळून पाहिलं तर कुणी नाही. (वाचक, जुन्नर)

ते एक जादा पाऊल हाच पुरावा आहे, आणि तो प्रतिध्वनीच्या बाजूचा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडा ८५ मीटरवर असेल तर तुमच्या पावलाचा आवाज जाऊन-येऊन १७० मीटर कापतो आणि अर्ध्या सेकंदाने परततो. सपाटीवर आपण मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलं टाकतो, म्हणजे एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. चालताना परतणारा आवाज पुढच्या पावलाखाली झाकला जातो. थांबलात की शेवटचा प्रतिध्वनी एकटाच उरतो, आणि मागचा एक पाऊल टाकून थांबला असं वाटतं.

तपासून पाहा. जागेवर उभं राहून एकच टाळी वाजवा. टाळी परत आली तर कडा उत्तर देतोय. दोन पावलं झपझप, मग एक सावकाश अशी चाल बदला. मागचाही तीच चाल धरेल. टाळी परत येत नसेल तर पाठपिशवीकडे बघा. लोंबता पट्टा, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि बुटाच्या तळव्यात अडकलेला खडा हे तिघे नेहमीचे सोबती आहेत. आणि चाल जुळत नसेल, पाचोळा बाजूच्या झाडीत वाजत असेल, तर ते जनावर आहे. बोलत चला, एकत्र राहा, पळू नका.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ढगात 'देवाची सावली' दिसते, तिच्या डोक्यामागे रंगीत वलय असतं. ती केव्हा दिसेल? (वाचक, ठाणे)

ती सावली तुमचीच. वलयाला आपल्याकडे इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनामुळे कोकणकडा यासाठी ओळखला जाऊ लागला. जर्मनीतल्या ब्रोकेन डोंगरावरही हेच दिसतं आणि तिथल्या लोकांनी त्याला भूत ठरवलं.

दोन गोष्टी जुळाव्या लागतात. दरीत कड्याच्या काठापर्यंत धुकं भरलेलं असावं आणि पाठीमागून स्वच्छ ऊन यावं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून वेळ सकाळची. पावसाने उघडीप दिलेले दिवस, विशेषतः पावसाळ्याचा उत्तरार्ध, चांगले. सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर असेल, तितकेच अंश क्षितिजाच्या खाली बघायचं. तिथे तुमच्या डोक्याची सावली पडते आणि वलय तिच्याभोवती असतं. ते इंद्रधनुष्यापेक्षा पुष्कळ लहान असतं. इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंशांची, याची काही अंशांचीच. लाल रंग बाहेर. धुक्याचे थेंब जितके बारीक, तितकं वलय मोठं; लहानमोठे थेंब मिसळलेले असले की रंग एकमेकांत कालवून फिकट होतात.

गंमत अशी की शेजारी उभ्या मित्राची सावली तुम्हाला दिसते, पण वलय फक्त तुमच्याच डोक्याभोवती. त्यालाही तसंच वाटत असतं. दोघांनी 'देव माझ्याकडे बघत होता' म्हणून भांडावं अशी सोय निसर्गानेच केली आहे. सावली राक्षसी वाटते कारण ती पडद्यावर पडावी तशी एका पातळीवर न पडता धुक्यात खोलवर पसरते आणि अंतराचा अंदाज सुटतो.

काठावर उभं राहून वाकू नका. या कड्यावर वारा आदळून वर चढतो. खाली टाकलेली हलकी वस्तू परत येते ती त्यामुळेच. वाऱ्याला टेकून उभा असलेला माणूस वारा पडताच पुढे जातो. पाठपिशवी मागे ठेवा, पोटावर पडून पुढे सरका, एका वेळी एकानेच, आणि मागच्याने पाय धरावेत.

प्रश्न : अमावस्येच्या रात्री समोरच्या डोंगराच्या घळीत दिव्यांची रांग सरकताना दिसते. आजी तिला वेताळाची पालखी म्हणायची. (वाचक, कणकवली)

महिना कोणता होता? मृगाच्या पहिल्या सरींनंतरचा असेल, तर ती बहुधा खेकडे धरणारी माणसं. पहिल्या पावसात खेकडे बिळाबाहेर येतात आणि गावकरी बत्त्या, विजेऱ्या घेऊन ओढ्याओढ्याने फिरतात. काळोख्या रात्री खेकडे जास्त मिळतात, असं ते सांगतात. अमावस्येचा धागा तिथे जुळतो. दिवे घळीच्या रेषेने, थांबत थांबत, खालीवर होत असतील तर शंका नको. वैशाखअखेर झाडंच्या झाडं एका लयीत उघडझाप करत असतील तर ते काजवे. भंडारदरा, घाटघर, राजमाची या भागांत पावसाच्या तोंडावर ते हजारोंनी असतात. त्यांच्यावर विजेरी मारली की त्यांची लय बिघडते.

प्रश्न : पावसाळ्यात पहाटे, उजाडायच्या आधी, ओढ्याकाठी कुणीतरी शीळ घालतं. माणसाचीच शीळ, पण गाणं पूर्ण होत नाही. तिला उत्तर देऊ नये म्हणतात. (वाचक, महाबळेश्वर)

शीळकरी कस्तूर. निळसर काळा पक्षी, मैनेपेक्षा थोडा मोठा, कपाळावर आणि खांद्यावर चमकता निळा डाग. ओढ्याकाठच्या कातळात घरटं करतो आणि विणीच्या दिवसांत उजाडण्याआधीच गातो. सूर माणसासारखेच वर-खाली भटकतात. खुशाल उत्तर द्या.

रात्रीच्या इतर आवाजांत भेकराचं भुंकणं लक्षात ठेवा. एकसारखं, थांबून थांबून, दहा-पंधरा मिनिटं चाललं तर त्याला बिबट्याचा सुगावा लागलेला असू शकतो. त्या बाजूला जाऊ नये. खुद्द बिबट्याचा आवाज लाकूड करवतल्यासारखा असतो.

प्रश्न : गडावरच्या लेण्यात मुक्काम केला की रात्री छातीवर कुणीतरी बसतं. अंग हलत नाही. (वाचक, पिंपरी)

इथे मात्र नीट चौकशी करायला हवी, कारण कारणं दोन आहेत आणि त्यातलं एक जीव घेतं.

एकट्यालाच झालं, मिनिट-दोन मिनिटांत सुटलं, उताणं झोपला होता, दिवसभर दमणूक झाली होती, तर ती झोपेतली लुळेपणाची अवस्था. स्वप्नाच्या वेळी शरीर आपले स्नायू ढिले सोडतं. ते पुन्हा ताळ्यावर येण्याआधी मेंदू जागा झाला की भान असतं आणि हात हलत नाही. कुशीवर झोपा.

पण दोघातिघांना झालं, डोकं ठणकतंय, मळमळतंय, कुणी असंबद्ध बोलतंय, तर धूर. लेण्यात किंवा बंद तंबूत विझत आलेले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. ज्वाळा नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच वेळी तो जास्त निघतो. अमेरिकेत १९२१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात अशाच 'झपाटलेल्या' घराची हकिकत छापली गेली. पावलं, आकृत्या, छातीवरचा भार, सगळं बिघडलेल्या भट्टीच्या धुरामुळे होत होतं.

सगळ्यांना उठवून ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत न्या. जो उठत नाही त्याला ओढून काढा. बरं वाटलं तरी पहाट होताच खाली उतरून दवाखान्यात दाखवा. चूल नेहमी तोंडाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. निखारे पाण्याने विझवूनच झोपायचं, उबेसाठी आत आणायचे नाहीत. आणि चूल पेटवण्याआधी वर बघा. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ लटकत असेल तर तिथे धूर करूच नका.

प्रश्न : भीमाशंकरच्या जंगलातलं रात्री चमकणारं लाकूड घरी आणावं का? (वाचक, मंचर)

नाही. ती चमक कुजत्या लाकडावरच्या बुरशीची आहे, ओल गेली की ती विझते आणि तुमच्या हाती सरपण उरतं. शिवाय ते अभयारण्य आहे. तिथून काहीच उचलता येत नाही आणि रात्री शिरायला वनखात्याची परवानगी लागते. परवानगी मिळाली तर भर पावसाळ्यात, चंद्र नसताना जा. दिवे बंद करून वीस-तीस मिनिटं बसा, तेव्हा कुठे डोळे तयार होतात आणि हिरवट उजेड दिसू लागतो. कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. फोटोसाठी तिपाई आणि निदान तीस सेकंदांचं एक्स्पोजर हवं.

प्रश्न : देवराईतली काठी आधाराला घेतली तर रक्ताची उलटी होते म्हणतात. परत नेऊन ठेवावी का? (वाचक, मुळशी)

ठेवा. पुढच्या वेळी काठी घरून न्या.