तत्कार करताना नडगी दुखते, पाळीही चुकली: कथक शिकणाऱ्या मुलीच्या आईला माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून जरा लांब लिहितेय. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला, नोव्हेंबरमध्ये कथकच्या विशारद पदवीची परीक्षा, दिवाळीनंतर रोज दोन-दोन तास रियाज, नडगीच्या आतल्या बाजूला महिनाभर दुखतंय, दोन महिने पाळी आली नाही, जेवण कमी झालंय आणि क्लासमध्ये सगळे म्हणतात की नाचणाऱ्या मुलींचं असं होतंच, सहन करायला शीक. डॉक्टरकडे न्यायचं की परीक्षेपर्यंत थांबायचं, असं विचारलंयत. मी नाशकात बरीच वर्षं कथक शिकवते, आमच्याकडे एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण मुलींना बघायला येते, तिच्याकडून मी खूप शिकलेय. त्या जोरावर सांगते, थांबू नका. या आठवड्यातच न्या.

नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं आणि घरच्या घरी थोडा अंदाज येतो. तिला बसवा, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठ्याने हळूहळू दाबत वर-खाली जा. चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा सगळा हुळहुळतोय, रियाज सुरू करताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, नंतर पुन्हा ठणकतं, असं असेल तर बहुतेक वेळा ती हाडाच्या कडेला आलेली सूज असते, शिन स्प्लिंट म्हणतात ती, वेळेत भार कमी केला की बरी होते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबलं की ती ओरडत असेल, नुसतं चालतानाही दुखत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असण्याची शक्यता असते, स्ट्रेस फ्रॅक्चर. आणि दुखरी जागा आतल्या कडेला नसून नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर असेल तर ते जास्त गंभीर, ती चीर लवकर भरत नाही. एका पायावर उड्या मारून बघ वगैरे प्रयोग मात्र घरी करू नका, चीर असली तर ती वाढेल.

आता हे नेमकं याच दिवसांत का झालं ते बघा, कारण मला या सगळ्यात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुणी बोलतच नाही. आमच्याकडे पाय धरून मुली येतात त्या वर्षभर सारख्या येत नाहीत, दोन वेळा येतात. एकदा जून-जुलैमध्ये आणि एकदा नोव्हेंबरमध्ये. मे महिन्यात क्लासला सुट्टी असते, मुली गावाला जातात, महिनाभर घुंगरू पिशवीत, मग जूनमध्ये क्लास सुरू होतो आणि गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम डोक्यावर म्हणून एकदम रोज तालीम. तसंच दिवाळीचं, सुट्टी संपते न संपते तोच परीक्षा. म्हणजे शून्यावरून एकदम दोन तास. हाडाला भाराची सवय होते, पण ती हळूहळू, काही आठवड्यांत होते, मधेच थांबलं की उतरतेही. स्नायू आणि दम त्यामानाने लवकर परत येतात, त्यामुळे मुलीला वाटतं मला जमतंय आणि ती चौगुणात, म्हणजे चौपट वेगात, तत्कार (पाय आपटून काढायचे बोल) ठोकत सुटते, हाड अजून तयार झालेलं नसतं. तिच्या अंगात नाजूकपणा आहे, सहनशक्ती कमी आहे, असलं काही नाहीये ताई, वेळापत्रक चुकलंय. हे तिलाही स्पष्ट सांगा, कारण या वयात मुली लगेच स्वतःलाच दोष देतात.

त्यात फरशी. कथक अनवाणी, पूर्ण तळव्याने आणि टाचेने जमिनीवर आघात करायचा नाच आहे आणि आपले निम्मे क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या वर्गात शहाबादी किंवा कोटा फरशीवर, व्हिट्रिफाइड टाइल्सवर चालतात. सतरंजी टाकून काही होत नाही, ती सरकते आणि खाली दगड तो दगडच. लाकडी रंगमंचावर तालीम केली की मुली म्हणतात आज पाय दुखले नाहीत, ते खरंच असतं, लाकूड थोडा धक्का घेतं. लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड ठोकून केलेली जमीन असेल तर फार फरक पडतो, आम्ही पालकांनी मिळून वर्गणी काढून तशी करून घेतली. तुमच्या क्लासमध्ये पालक एकत्र आले तर होण्यासारखं आहे, विचारून बघा. घरी रियाज करत असेल तर योगा मॅटवर चक्कर, म्हणजे गिरकी, घेऊ देऊ नका, पाय मॅटला चिकटतो आणि गुडघा पिळतो. आणि ते घुंगरू एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा हो, तेवढं वजन बांधून ती तासभर पाय आपटते. रोजच्या रियाजात पूर्ण वेळ घुंगरू बांधायची गरज नसते, शेवटची पंधरा-वीस मिनिटं बांधले तरी सवय राहते.

आता पाळीचं. "नाचणाऱ्या मुलींचं होतंच" हे वाक्य मला ऐकवत नाही, इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या मुली त्यामुळे उशिरा डॉक्टरकडे गेल्यात. शरीर जेवढं खर्च करतंय तेवढं त्याला मिळत नसेल तर ते एकेक काम बंद करायला लागतं आणि त्यात पाळी लवकर बंद पडते. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन कमी झालं की हाडं भरणंही मागे पडतं. म्हणजे नडगी आणि पाळी या तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकच असू शकते. खेळाडूंमध्ये हे फार पूर्वीपासून माहीत आहे, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये त्याला रेड-एस (खर्चाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं, आणि त्यात वजन कमी दिसलंच पाहिजे असं नाही, वजन नेहमीएवढंच असूनही हे होतं. मुलग्यांनाही होतं. आपल्या हाडांचा बहुतेक साठा विशीच्या सुरुवातीपर्यंत तयार होतो, म्हणून १७ व्या वर्षी पाळी बंद असणं हे पुढच्या आयुष्यासाठीही वाईट. अर्थात थायरॉइड, पीसीओएस अशी दुसरी कारणंही असतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. तीन महिने पाळी नाही म्हणजे तपासणी हवीच असं मानतात, पण हिचा पायही दुखतोय, त्यामुळे तुम्ही तिसरा महिना उलटायची वाट बघू नका. गोळी देऊन पाळी आणली की प्रश्न संपला असं समजू नका, ती खाते किती, झोपते किती आणि नाचते किती हे सगळं डॉक्टरांना सांगा.

खाण्यावर थोडं सविस्तर लिहिते. बारावीच्या मुलीचा दिवस मी रोज बघते. सकाळी क्लास म्हणून चहा-बिस्किट, दुपारी कॉलेज, डबा अर्धा परत, संध्याकाळी पाच ते सात कोचिंग, तिथून तशीच सातला नाचायला, पोटात दुपारपासून काही नाही, साडेनऊला घरी, दमली म्हणून दोन घास. अशा मुलीला चक्कर घेताना चक्कर येते यात नवल ते काय! नाचायच्या तास-दीड तास आधी काहीतरी खाल्लंच पाहिजे, केळं, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, पोळीचा रोल, जे तिला आवडतं ते. नाचून झाल्यावर लगेच दूध किंवा ताक-भात, अंडं चालत असेल तर अंडं. नाचणीची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीन-चार वेळा करा, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. हळिवाचे लाडू थंडीत होतातच आपल्याकडे, ते लोहासाठी चांगले. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा नको, चहामुळे लोह अंगाला लागत नाही. रक्त तपासताना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि डी जीवनसत्त्वही बघायचं का ते डॉक्टरांना विचारा. १५ वर्षांवरच्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अॅनिमिया, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली अॅनिमिक निघाल्या, तेव्हा आपल्या घरात नसेल असं धरून चालू नका. नवरात्रात कार्यक्रम असतात आणि उपवासही असतात, निदान कार्यक्रमाच्या आठवड्यात तरी मुलींनी उपवास करू नये असं मी क्लासमध्ये सरळ सांगते, घरच्यांना थोडा राग येतो, येऊ दे.

पण जेवण कमी का झालंय हे हळुवारपणे काढून घ्या. फक्त वेळ मिळत नाही म्हणून, की कुणीतरी ड्रेसचं माप घेताना काही बोललं म्हणून? आपल्याकडे मुलीच्या अंगावर बोलणं ही जणू प्रथाच आहे, शिक्षक बोलतात, ड्रेसवाला बोलतो, मागच्या रांगेत उभं करतात. ती आरशासमोर पोट ओढून उभी राहत असेल, सगळ्यांसोबत जेवायचं टाळत असेल, खाल्ल्यावर बाथरूममध्ये जात असेल, तर ते वेगळं आणि गंभीर आहे, मग समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवेत. काय करावं सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि घरात "जरा बारीक झालीस, छान दिसतेस" हे कौतुकसुद्धा बंद.

पाण्याचं अजून एक. कार्यक्रमाच्या दिवशी मुली दुपारपासून पाणीच पीत नाहीत, कारण एकदा ड्रेस बांधला की सोडायचा कसा, आणि नाट्यगृहांतल्या स्वच्छतागृहांची अवस्था आपल्याला माहीत आहे. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवीचा संसर्ग होतो. ड्रेस शेवटी बांधायचा आणि त्याआधी एकदा सगळ्यांनी जाऊन यायचं, एवढी शिस्त जरी लावली तरी पुरते.

झोप: १३ ते १८ वयाला ८ ते १० तास सांगतात. बारावीत ते कठीण आहे हे मान्य, पण रात्री साडेबाराला झोपून पाचला उठवून रियाज करून घेणं थांबवा. त्या एका तासाच्या रियाजापेक्षा ती झोप तिच्या पायाला जास्त कामाची आहे.

गुरूंशी कसं बोलायचं, हा तुमचा खरा अवघड प्रश्न. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, बहुतेक गुरूंना मुलीचं वाईट करायचं नसतं, त्यांनी स्वतः तसंच शिकलेलं असतं, दुखऱ्या पायांनी. "मुलीला सुट्टी द्या" म्हटलं की त्यांना वाटतं ही सोडणार. त्याऐवजी असं म्हणा की डॉक्टर म्हणतील तोपर्यंत पायाचं काम बंद, पण ती रोज क्लासला येईल, तिला बसून काय देता येईल ते सांगा. आणि कथकमध्ये बसून करण्यासारखं किती आहे! पढंत आहे, म्हणजे हातावर ताल धरून तुकडे, परण, तिहाया असे नाचाचे बोल तोंडाने स्पष्ट म्हणणं, ज्यात परीक्षेला भले भले अडखळतात. हस्तक म्हणजे हातांच्या हालचाली आहेत, नजर, मान, कसक-मसकच्या बारीक हालचाली आहेत. ठुमरीचा भाव आहे, लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसून भाव सांगायचे आणि लोक ते बघायला गर्दी करायचे, तेव्हा बसून केलेलं कथक कमी प्रतीचं असं कुणी म्हणू शकत नाही. थिअरीचा पेपर आहेच. माझ्याकडची एक मुलगी अशीच दोन महिने बसून होती, तिची पढंत नंतर सगळ्या बॅचमध्ये चोख झाली आणि लय इतकी पक्की झाली की उभी राहिल्यावर पाय आपोआप नेमके पडायला लागले.

परत सुरू करताना मात्र घाई नको. आधी चालताना दुखायचं थांबलं पाहिजे, मग एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं न दुखता वीस-पंचवीस वेळा जमलं पाहिजे, मग विलंबित म्हणजे संथ लयीत, घुंगरू न बांधता, दहा मिनिटं तत्कार, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच पुढे. चक्कर आणि चौगुण सगळ्यात शेवटी, चक्करमध्ये सगळा भार डाव्या टाचेवर येतो. पोटरी, मांडी आणि कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओ शिकवतील, ते नाच सुरू झाल्यावरही चालू ठेवायचे, नुसतं नाचून ती ताकद येत नाही. तोवर दम टिकवायला सायकल किंवा पोहणं, तेही डॉक्टरांना विचारून. दुखऱ्या पायावर पेनकिलर घेऊन किंवा स्प्रे मारून तालीम अजिबात नाही, दुखणं झाकलं जातं आणि चीर वाढत राहते.

परीक्षेचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, हे सत्र गेलं तर एप्रिल-मेमध्ये बसता येईल. स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे जातात आणि मग हळूहळू परत यायचं, म्हणजे तोपर्यंत ती नीट तयार होईल. तेव्हाही बारावीची परीक्षा आधी येते, म्हणून तिला मार्चपासूनच थोडा थोडा रियाज सुरू ठेवू द्या, पेपर संपल्यावर एकदम चार तास नकोत.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: गेल्या दोन महिन्यांत आठवड्याला किती तास नाचली, सुट्टी कधी होती, दुखणं कधी सुरू झालं, शेवटची पाळी कधी आली, दिवसभरात काय खाते. हाडांच्या डॉक्टरांना "नाच" एवढंच सांगितलं तर त्यांना स्नेहसंमेलनातला नाच वाटतो, अनवाणी, फरशीवर, घुंगरू बांधून पाय आपटते असं नीट सांगा, जमलं तर मोबाईलवर तत्कार दाखवा. आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, अशी चीर सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, एकाच जागी दुखणं चालू असेल तर एमआरआय करायचा का ते तुम्हीच विचारा. काय म्हणाले ते इथे कळवा, फिजिओकडून कुठले व्यायाम दिले तेही, मी मैत्रिणीला विचारून सांगेन.