‘हिरो’ला मराठी शब्द निवडताना
भाषांतराला नुकतीच सुरुवात केली असेल, तर इंग्रजीतल्या ‘हिरो’पाशी घाई करू नका, कारण मूळ ग्रीक शब्द अकिलीस, हेराक्लीस अशा पराक्रमी पुरुषांचा असला, तरी आज त्यानेच शूर सैनिक, कादंबरीतले मुख्य पात्र आणि एखाद्याचे श्रद्धास्थान या तिन्हींचा निर्देश होतो. रणांगणाच्या संदर्भात ‘वीर’ निर्धास्त वापरावा. वीरचक्र हे नावच त्याची साक्ष देते. मात्र प्रत्येक वीराला ‘हुतात्मा’ म्हणू नये, त्यासाठी बलिदान घडलेले असावे लागते. साहित्यात ‘नायक’ योग्य. पण संस्कृत नाट्यशास्त्रातले धीरोदात्त (उदात्त), धीरललित (कलाप्रेमी), धीरप्रशांत (शांत) आणि धीरोद्धत (गर्विष्ठ) हे चार प्रकार पाहिले, की नायक म्हणजे केवळ योद्धा नव्हे, हे ध्यानात येते. ‘अँटीहिरो’साठी, म्हणजे नायकाचे रूढ गुण नसलेल्या मुख्य पात्रासाठी, ‘प्रतिनायक’ लिहिण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा: परंपरेत प्रतिनायक म्हणजे रामासमोरचा रावण, उलट अँटीहिरो स्वतःच कथेच्या केंद्रस्थानी असतो. श्रद्धास्थान या अर्थी, म्हणजे ‘आयडॉल’ला, ‘दैवत’ शोभते. राहिला आपल्या बोलीतला ‘हिरो’. ‘फार हिरोगिरी करू नकोस’ यात आदर औषधालाही नसतो, त्यामुळे गंभीर लेखनात तो जपूनच योजावा.